अर्धं पान लाल: अखेर कारण सापडलं

मागच्या नोंदीत कधी लाल (नापास), कधी हिरव्या (पास) होणाऱ्या एका टेस्टबद्दल लिहिलं होतं. ही टेस्ट पानाचा स्क्रीनशॉट आधी जपून ठेवलेल्या अपेक्षित चित्राशी (बेसलाइनशी) ताडते आणि फरक लाल रंगात दाखवते; तो फरक म्हणजे डिफ. कामांच्या यादीचं पान, तिसऱ्या ओळीपासून खाली सगळा डिफ लालभडक आणि वरच्या दोन ओळी स्वच्छ. जॉब (आपोआप चालणारं टेस्टचं काम) री-रन केला की बऱ्याचदा हिरवा. प्लेराइट (ब्राउझर चालवून टेस्ट घेणारं साधन) तेच, क्रोमियम (तो ब्राउझर) तेच, कोडमध्ये काडीचाही बदल नाही. तिचं मूळ सापडलंय, आणि ते टेस्टमध्ये नव्हतंच.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष चित्रं आलटून-पालटून पाहिली की तिसऱ्या ओळीपाशी पान एक पिक्सेल खाली सरकताना दिसतं. फक्त एक! पण पिक्सेलमॅच (चित्रं ताडणारी लायब्ररी) त्याच जागेवरचे दोन पिक्सेल ताडून पाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी खालच्या प्रत्येक अक्षराची कड बदललेली असते. ‘थ्रेशोल्ड वाढव’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. थ्रेशोल्ड रंगातल्या फरकाला सूट देतो, सरकलेल्या जागेला नाही. प्लेराइटचा डिफॉल्ट ०.२ मला तसाही सैलच वाटतो. आणि मॅक्स-डिफ-पिक्सेल्स (किती पिक्सेल वेगळे चालतील ती मर्यादा) इतके वाढवायचे की अर्धं पान खपून जाईल, तर मग टेस्ट ठेवायचीच कशाला?

तिसऱ्या ओळीत वेगळं काय? पहिल्या दोन ओळींत नुसतं आयकॉनचं बटण आहे, तिसरीत ‘पुढे ढकला’ असं लिहिलेलं बटण आहे. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये त्या बटणाला प्रत्यक्ष लागू झालेली लाइन-हाइट (ओळीची उंची) पाहिली: नॉर्मल, म्हणजे फॉन्ट ठरवेल ती. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, १.६ दिलेली असताना! कारण बटण, इनपुट, सिलेक्ट ही मंडळी बॉडीकडून फॉन्ट घेतच नाहीत. ब्राउझरची स्वतःची स्टाइलशीट त्यांना आपला फॉन्ट लावते आणि त्यासोबत लाइन-हाइटही नॉर्मलवर नेऊन ठेवते. क्रोमियममध्ये तो फॉन्ट एरियल. लिनक्सवर एरियलच्या जागी बहुधा लिबरेशन सॅन्स येतो, त्यात देवनागरी नाही, म्हणून सिस्टिममध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलला जातो. लाइन-हाइट नॉर्मल असली की अशा पर्यायी फॉन्टची उंचीही ओळीच्या उंचीत मोजली जाते. बाकी पानाला मी सोबत दिलेला वेबफॉन्ट लागतो, म्हणून तिथे कधीच काही बिघडलं नाही.

राहिला प्रश्न ‘कधी कधी’चा. जॉब ज्या दोन रनरवर (टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) जातो, त्या दोन्हींवर एफसी-मॅचला (कोणता फॉन्ट मिळेल ते सांगणाऱ्या कमांडला) मराठीसाठीचा सॅन्स-सेरिफ विचारला. एकाने नोटो सॅन्स देवनागरी सांगितला, दुसऱ्याने लोहित देवनागरी. बेसलाइनच्या फाइलच्या नावात ‘क्रोमियम-लिनक्स’ एवढंच येतं, फॉन्टचा पत्ताच नाही. जॉब नोटोवाल्या रनरवर गेला की हिरवा, लोहितवाल्यावर गेला की लाल.

उपाय एका ओळीचा: बटण, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया या सगळ्यांना फॉन्ट इनहेरिट, म्हणजे बॉडीचाच फॉन्ट घ्या. दोन्ही रनरवरची चित्रं आता बिट-बिट जुळतात. डिफची रिकामी चौकट बघत मी बराच वेळ बसून होतो, इतकं बरं वाटलं. शिवाय हा नुसता टेस्टचा गोंधळ नव्हता: वापरणाऱ्यांनाही इतके दिवस बटणावर भलताच फॉन्ट दिसत होता. डिफ बरोबर ओरडत होता.

खरं तर या आठवड्यात पिक्सेलमॅच काढून एसएसआयएमवर (चित्रांच्या रचनेतलं साम्य मोजणाऱ्या पद्धतीवर) आधारित तुलना लावायचा बेत होता. तो रद्द. असा सरकलेला पिक्सेल पोटात घालणारं साधन असतं तर हा बग कायमचा लपला असता. ‘किरकोळ फरक आपोआप दुर्लक्षित करतो’ म्हणणाऱ्या सेवांबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. किरकोळ काय, हे कारण कळल्यावरच ठरतं.

हे लिहितानाच एक सुचलं. डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये (प्रोग्रॅममधून ब्राउझरला माहिती विचारायच्या मार्गात) गेट-प्लॅटफॉर्म-फॉन्ट्स-फॉर-नोड अशी सोय आहे. ती एखाद्या नोडवर (पानातल्या घटकावर) प्रत्यक्ष कोणते फॉन्ट वापरले गेले, त्यांतला कोणता वेबफॉन्ट आणि कोणता सिस्टिमचा, आणि प्रत्येकातून किती ग्लिफ (अक्षराकृती) आले हे सांगते. मग स्क्रीनशॉट काढण्याआधीच तपासावं: मजकूर असलेल्या एकाही नोडवर सिस्टिमचा फॉन्ट दिसला की टेस्ट तिथेच पाडायची आणि त्या फॉन्टचं नाव छापायचं. लाल चित्राचा अर्थ लावत बसण्यापेक्षा ‘बटण: लोहित देवनागरी, ८ ग्लिफ’ असली ओळ केव्हाही बरी. आधी हेच करतो, डार्क थीमच्या बेसलाइन नंतर.

आणखी एक छोटी कमाई: प्लेराइटच्या पेज-क्लॉकच्या सेट-फिक्स्ड-टाइमने तारीख गोठवली, त्यामुळे तारखेच्या बिल्ल्यावरचा गुलाबी मास्क (तुलनेतून वगळायला टाकलेलं झाकण) काढता आला. आता बिल्लाही तपासला जातो. पूर्ण पानाच्या शॉटसोबत प्रत्येक ओळीचा वेगळा लोकेटर-शॉटही (फक्त त्या ओळीचा स्क्रीनशॉट) जोडलाय, म्हणजे वरची एक ओळ फुगली तर खालच्या सगळ्या नाहक पडणार नाहीत.

सिलेक्टचा उघडलेला मेनू मात्र अजून हाती लागत नाही. तो पानाच्या बाहेर रंगवला जातो, स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. सध्या त्याचे पर्याय मजकूर म्हणूनच तपासतोय. कुणी त्याचं चित्र पकडलं असेल तर कसं, ते जरूर सांगा.