पाळीपाळीचे बिशप, काठीचे घोडे

ओस्नाब्रुकला मी मुद्दाम ऑक्टोबरअखेर गेले. १६१८ मध्ये प्रोटेस्टंट-कॅथलिक वैरातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध जिथे मिटलं, त्या दोन जर्मन शहरांपैकी हे एक. दुसरं म्युन्स्टर, पन्नासेक किलोमीटरवर. जर्मन प्रदेशांच्या कॅथलिक पवित्र रोमन सम्राटाची कॅथलिक फ्रान्सशी बोलणी तिकडे, प्रोटेस्टंट स्वीडनशी इकडे, आणि मधल्या वाटेवर खलिते घेऊन धावणारे जासूद. वर्षानुवर्षं ही बोलणी चालली आणि तितकी वर्षं बाहेर माणसं मरतच होती. सह्या झाल्या २४ ऑक्टोबर १६४८ ला, म्युन्स्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी ओस्नाब्रुकच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून लोकांना तह जाहीर झाला.

त्याच पायऱ्यांवर आता चौथीची मुलं चढतात. शहरातल्या शाळांमधून हजाराच्या वर पोरं, डोक्यावर कागदी टोप्या, पायांत स्वतः बनवलेले काठीचे घोडे. मोज्यात कापूस कोंबून केलेली डोकी, लोकरीची आयाळ. पायऱ्या चढायच्या, महापौरांशी हात मिळवायचा, गोड ब्रेत्सेल, म्हणजे गाठीसारखा वळलेला पाव, घेऊन उतरायचं. मूळ कथा न्यूर्नबर्गची: १६५० मध्ये सम्राटाचा सेनापती पिकोलोमिनी याच्या दाराशी मुलं अशीच काठीच्या घोड्यांवरून आली आणि त्याने त्यांना चांदीची नाणी वाटली म्हणे. सैन्याच्या घोड्यांनी तुडवलेल्या देशात मुलांच्या हाती हे घोडे देण्याचं ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार. गर्दीत अनेक धर्मांच्या घरांतली पोरं होती आणि कोण कुठल्या घरचं याची तिथे कुणालाच पडलेली नव्हती.

आतल्या शांतता-दालनात भिंतीभर बोलणी करणाऱ्या दूतांची आणि राजेराण्यांची तैलचित्रं आहेत. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात इमारत जळाली. चित्रं आधीच हलवली होती म्हणून वाचली. तहाच्या तीनशेव्या वर्षासाठी, १९४८ मध्ये, भग्न शहराने आधी हे उभं केलं.

मला मात्र सगळ्यात भावली ती तहातली तपशिलाची चिकाटी. खरा धर्म कोणता, हे ठरवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. १६२४ च्या १ जानेवारीला जे चर्च ज्याच्याकडे होतं, ते त्याचं, हा साधारण नियम. आणि ओस्नाब्रुकच्या संस्थानावर राज्य बिशपचंच, त्या गादीसाठी तर पाळी लावली: एक बिशप कॅथलिक, पुढचा प्रोटेस्टंट, मग पुन्हा कॅथलिक. प्रोटेस्टंट बिशप असताना कॅथलिकांचं धर्मकार्य कोलोनच्या आर्चबिशपनी पाहायचं. १६६२ मध्ये अर्न्स्ट ऑगस्ट हा पहिला प्रोटेस्टंट पाळीवाला आला. त्याने बांधलेल्या राजवाड्यात आज विद्यापीठ आहे. त्याचाच मुलगा इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज, तो १७२७ मध्ये याच शहरात वारला. पुढे १७६४ मध्ये पाळी प्रोटेस्टंटांची आली तेव्हा तिसऱ्या जॉर्जच्या तान्ह्या मुलाला बिशप केलं, वय वर्षभरसुद्धा नाही! हास्यास्पद वाटेल, पण पाळणाही चालला, कारण पाळी मोडली असती तर पुन्हा तलवारी निघाल्या असत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते संस्थानच खालसा झालं, तोवर ही व्यवस्था टिकली.

टाउन हॉलला लागूनच प्रोटेस्टंटांपैकी लुथरन पंथाचं मारिएनकिर्श चर्च आहे आणि तिथून चार पावलांवर सेंट पीटरचं कॅथलिक कॅथीड्रल. दोन्हीकडे जा, आणि शक्य असेल तर घोडे निघतात त्याच सुमाराला जा.