नेरुळच्या तळ्यावर जलरंग घेऊन जायचं तर

मार्चमधल्या एका द्वादशीला सकाळी सीवूड्स-दारावे स्टेशनला उतरलो, रिक्षा केली आणि नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्याकाठी स्टूल मांडलं. तिथी मुद्दाम सांगतोय. ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरत असतात. भरतीने चिखल झाकला की त्यांतले बरेच थवे इथे विसाव्याला येतात. भरतीचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे द्वादशीला नवाच्या सुमारास भरती.

चित्रकाराची पंचाईत अशी की अष्टमीला भरती सहाला, उजेड सुरेख; पण ती भांगाची, पाणी फारसं चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पण ते येतं दुपारी सव्वाअकरा-बाराला, सावल्या पायाशी आल्यावर. द्वादशी ही तडजोड. निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक मात्र ताडून घ्या.

सगळे गुलाबीसाठी येतात. माझं मत विचाराल तर इथे खरी मजा राखाडीत आहे. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना ओल्या कागदावरच एकमेकांत सोडले की चिखलाचा राखाडी मिळतो. निळा वाढवला की त्यात आभाळ दिसतं, सिएना वाढवला की उन्हात तापलेला काठ. थोडा यलो ऑकर घातला की वाळत चाललेली कडा. ट्यूबमधला तयार ग्रे घेऊन हे होत नाही. माझा सकाळचा बहुतेक वेळ या वॉशमध्येच, म्हणजे पातळ रंगाचा थर पसरण्यातच, गेला आणि गुलाबी अगदी शेवटी आला, तोही पाण्यासारखा पातळ. शेजारी हा राखाडी असला की तेवढाही पेटून उठतो.

पक्षी एकेक काढत बसू नका. थवा म्हणजे एक आडवा पट्टा, वरची कड तुटक ठेवायची. मोठा (ग्रेटर) फ्लेमिंगो जवळजवळ पांढरा, तिथे कागद कोरा सोडा. छोटा (लेसर) ही वेगळी जात, जास्त गुलाबी. हा रंग त्यांना शेवाळातल्या कॅरोटिनॉइड्स या रंगद्रव्यांमधून मिळतो. उडाले की पंखांतला लाल आणि काळा एकदम उघडतो, त्यासाठी एक भरलेला ब्रश हाताशी ठेवा. खऱ्या अलिझरीन क्रिमसनचा रंग उजेडाने विटतो. त्यापेक्षा ‘क्विनॅक्रिडोन रोज’ हा गुलाबी घ्या.

छत्री पांढरी किंवा काळीच न्या. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर रंगीत उजेड पडतो आणि घरी आल्यावर चित्र भलतंच दिसतं. ब्रशसाठी पाणी घरून न्या, खारं पाणी वॉशमध्ये डाग उठवतं. कागद ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) हलका नको. आणि फोटोसाठी काठावर पार खाली उतरणाऱ्यांच्या नादी लागू नका; थवा उडाला की पक्ष्यांचा विसावा मोडतो आणि आपलं चित्रही.

पाऊस लागला की बहुतेक पक्षी निघून जातात. तेव्हा खारघरच्या डोंगराकडे वळा, पण हिरवा ट्यूबमधून थेट लावायचा मोह आवरून. निळ्या-पिवळ्याची मिश्रणं आधी घरीच करून पाहा.