केपटाउन: टेबल माउंटन चालत चढणार असाल तर आधी उतरायचं बघा

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही पाच जण केपटाउनला जाऊन आलो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. नऊ दिवस होतो. बोल्डर्स बीचवर पेंग्विन बघितले, केप पॉइंट झालं, चॅपमन्स पीकचा रस्ता झाला, सगळं छान होतं आणि त्याची माहिती कुठेही मिळते. मला सांगायचंय ते प्लॅटेक्लिप गॉर्जबद्दल, म्हणजे टेबल माउंटनवर घळीतून चढणाऱ्या वाटेबद्दल, कारण त्याबद्दल आम्हाला जे कळलं होतं ते अर्धंच होतं आणि उरलेलं अर्धं आम्ही गुडघ्यांवर भोगलं.

जिथे मुक्काम होता तिथल्या मालकांनी सांगितलं की सरळ दगडी पायऱ्या आहेत, दीड-दोन तास लागतात, मुलंही जातात, वर पोचलात की केबल कारने पाच मिनिटांत खाली. आम्ही दर रविवारी सिंहगड चढणारी माणसं, चढाईही साधारण तेवढीच, सहा-सातशे मीटर, त्यामुळे निर्धास्त होतो. आई-बाबा केबल कारने वर जाणार, आम्ही चालत, वर भेटून सगळे एकत्र खाली यायचं असं ठरलं.

निघालो साडेनऊला, तिथेच चुकलं. वाट डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला आहे, तेव्हा नवरा म्हणाला सावली असेल. आपल्याकडे असते. पण आपण विषुववृत्ताच्या खाली आलोय, तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणजे उत्तरेचा उतारच उन्हात भाजतो, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. झाड म्हणावं असं जवळपास नाहीच, नुसती झुडपं. आणि पायऱ्या म्हणजे दगड रचलेत, त्यातले कित्येक मुलाच्या मांडीपर्यंत येत होते. सिंहगडावर जरा दम लागला की ताक, लिंबू सरबत, काकडी हजर असते, इथे काहीही मिळत नाही. तिघांत तीन लिटर पाणी होतं ते दोन तासांत संपलं.

वर जाईपर्यंत वारा फारसा जाणवलाच नाही, आणि हेच फसवं आहे. त्या अरुंद घळीच्या तोंडातून बाहेर पडलो आणि वाऱ्याने अक्षरशः मागे ढकललं, मुलाला मी दंडाला धरून ठेवलं होतं. हा साउथ-ईस्टर, दक्षिण-पूर्वेचा वारा, तिथल्या उन्हाळ्यात सतत वाहतो, शहराची हवा धुऊन काढतो म्हणून लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात, डोंगरावर ढगांचा टेबलक्लॉथ पसरतो तो याच्यामुळेच. फोटोत फार सुंदर दिसतो, आत उभं राहिलं की चार पावलांपुढचं दिसत नाही आणि घामाने भिजलेल्या कपड्यांत हुडहुडी भरते. वारा वाढला की वर भोंगा वाजवतात आणि सगळ्यांना केबल कारने खाली आणतात. आम्ही घळीत असतानाच तो वाजून गेला होता. स्टेशनला पोचलो तर केबल कार बंद, कॅफे बंद, आई-बाबा कुठेच नाहीत. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. मग फोनला रेंज आली आणि बाबांचा मेसेज दिसला, आम्ही खाली आलोय, सुखरूप आहोत. डोळ्यांत पाणी आलं.

आता आलो तसंच चालत उतरायचं. ऐका, हे उतरणं चढण्यापेक्षा वाईट आहे. दगडांवर बारीक खडी असते, बूट सरकतात, प्रत्येक पायरीला सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि वरून एकचं ऊन. मुलगा दोनदा घसरला, कोपर सोलवटलं. अर्ध्या वाटेत चढत येणाऱ्या दोन स्थानिक आज्जींनी त्याला पाणी आणि एक संत्रं दिलं, देव त्यांचं भलं करो. अडीच तास लागले. खाली रस्त्याला लागल्यावर वाटलं सुटलो, तर आमची गाडी केबल स्टेशनपाशी, म्हणजे डांबरी रस्त्याने अजून दीड किलोमीटर.

तर करायचं असं. सहाला चालायला लागा. माणशी दोन लिटर पाणी, विंडचीटर, टोपी, पकड असलेले बूट, आणि गुडघे कुरकुरणारे असतील तर काठी. केबल कारचं सकाळचं स्टेटस बघून दुपारचं गृहीत धरू नका. चालत उतरायची तयारी असेल तरच चढा, नसेल तर दोन्हीकडून केबल कार, त्यात काही कमीपणा नाही, वरून दिसतं ते तेच. आणि तिकडे पोचल्यावर पहिला वारा नसलेला दिवस मिळेल तो टेबल माउंटनला द्या, बाकी सगळं पुढे ढकला. इंडिया व्हेन्स्टर नावाची एक वाट आहे, नाव ऐकून आपली वाटते, पण तिथे हाताने कातळ चढायचाय, मुलांना घेऊन अजिबात नाही. सावली हवी तर कर्स्टनबॉश बागेतून स्केलेटन गॉर्जने चढतात, त्यात शिड्या आहेत आणि उतरायला तीही वाट नको असंच सगळे सांगतात. मुख्य वाटा सोडून एकटंदुकटं फिरू नका, लूटमार होते.

दुसऱ्या दिवशी वाईनच्या मळ्यांचा बेत होता. पाय उचलत नव्हते, म्हणून स्टेलनबॉश रद्द केलं आणि फक्त फ्रान्शहूकला गेलो. तिथे ट्रॅम आणि बस मिळून मळ्यामळ्यांत फिरवतात, हवं तिथे उतरा, पुढच्या फेरीत परत बसा. हेच करा. दारू पिऊन गाडी चालवायची मर्यादा तिकडे कडक आहे आणि नवऱ्याने नुसतंच चालवत बसायचं हा काही न्याय नाही. दोन मळे बास झाले, तिसऱ्यात चव कळत नाही आणि टेस्टिंगचे पैसे प्रत्येक ठिकाणी वेगळे लागतात. पिनोटाज वाईन नक्की घ्या, ही द्राक्षाची जात त्यांचीच, 1925 साली स्टेलनबॉशला पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून झालेली.

खरा आनंद बाबांना झाला. ते निफाडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलं. तिथल्या काही जुन्या बागांत वेलींना ना मांडव ना तारा, कंबरेएवढी झुडपं करून सोडलेली, ते बघून ते तिथेच उकिडवे बसले आणि खोडावरून हात फिरवत राहिले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात, तिकडे थंडीत वेल आपोआप झोपते म्हणून हिवाळ्यात एकदाच छाटतात, हे कळल्यावर त्यांनी तिथल्या माणसाला अर्धा तास सोडलं नाही. डिसेंबरात घड हिरवेच असतात, तोडणी बघायची असेल तर फेब्रुवारीत जा.

बाकी किरकोळ. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. पार्किंगला जॅकेट घातलेली माणसं गाडीवर लक्ष ठेवतात, त्यांना पाच-दहा रँड द्या, रँड म्हणजे साधारण पाच रुपये धरा. कॅम्प्स बेचं पाणी बर्फासारखं असतं, मुलांना पोहायचं असेल तर फॉल्स बेच्या बाजूला न्या. व्हिसासाठी मुलांचा जन्मदाखला लागतो, आईवडील दोघांची नावं असलेला, आमच्याकडे जुना होता, नवीन काढण्यात तीन आठवडे गेले. आणि घरातून आपल्या गिझरला असतो तसा मोठा तीन पिनांचा प्लग लावलेला एक्स्टेंशन बोर्ड न्या, तिथल्या बऱ्याच जुन्या सॉकेटमध्ये तो थेट बसतो.