सशांच्या बिळात हॉब सोडावा की जिल?

ऑक्टोबर सरून पहिलं दहिवर पडलं आणि बांधावरचं गवत-काटेरी रान बसलं, की इंग्लंडच्या शेतांच्या कडेला दोन-तीन माणसं गुडघे टेकून जमिनीतल्या भोकांवर जाळ्या पसरताना दिसतात. शेजारी हवेला भोकं ठेवलेली एक लाकडी पेटी असते आणि तिच्या आत फेरेट. दिसायला मुंगसासारखं लांबुळकं असलं तरी हे जनावर पाणमांजराच्या कुळातलं. पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं ते शेकडो वर्षांपूर्वी माणसाळवलं. बिळात शिरून सशांना बाहेर पळायला लावणं हे त्याचं काम.

गावाकडच्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करायला हवा. आपला रानससा बीळ करत नाही, गवतात नुसती बैठक करून बसतो. इथला रॅबिट मात्र जमिनीखाली वसाहत करून राहतो, म्हणून फेरेटचा उपयोग. आपल्याकडे सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. इथे तो कोवळा गहू खाणारा, बांध पोखरणारा उपद्रवी प्राणी मानला जातो, आणि 1880 च्या कायद्यानं जमीन कसणाऱ्याला सशांचा बंदोबस्त करण्याचा हक्क दिलेला आहे. दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची परवानगी हवी, आणि ती लेखी घेतलेली बरी.

नव्यानं फेरेट पाळणारा पहिल्यांदा विचारतो ते नर घ्यावा की मादी. इथल्या बोलीत नर म्हणजे हॉब, मादी म्हणजे जिल. दोघांच्या आकारात मोठी तफावत असते. जिल साधारण 600 ते 900 ग्रॅमची, तर हॉब एक ते दोन किलोचा. प्रौढ रानटी ससा दीडेक किलोचा असतो, म्हणजे मोठा हॉब वजनात सशाच्या तोडीस तोड आणि जिल त्याच्या निम्म्यावर. बिळात काय घडतं ते या वजनावर ठरतं.

फेरेटचा वास आला की बहुतेक ससे पळतात. काही मात्र बिळाच्या बंद टोकाला जाऊन पाठ करून बसतात. लहान जिल त्या पाठीवर नख्या मारत राहते, सशाचे केस उपटते, पण त्याला हलवू शकत नाही आणि बंद टोकात त्याच्या मानेपर्यंतही पोचत नाही. ती कंटाळून परत आली आणि नख्यांत राखाडी लव अडकलेली दिसली, तर आत ससा अडून बसलाय असं समजावं. हॉब अशा जागी चिवटपणे रेटतो. त्याला मान सापडली तर तो सशाला आतच मारतो, खातो आणि तिथेच झोपतो. वर तुम्ही थंडीत ताटकळत उभे. जिलही असं करते, पण हॉबच्या हातून जास्त होतं, कारण त्याच्यापाशी तेवढी ताकद आहे.

मग जुनी माणसं एक दांडगा हॉब पाळाच म्हणून का सांगतात? कारण त्या हॉबचं काम वेगळंच होतं. तो पेटीत एकटा राखून ठेवलेला असायचा. जिल आत अडकली की त्याच्या गळपट्ट्याला लांब दोरी बांधून त्याला सोडायचे. दोरीला दर यार्डावर गाठ असायची. हॉब जिलला मेलेल्या सशावरून हुसकायचा आणि स्वतः तिथे ठाण मांडायचा. किती गाठी आत गेल्या ते मोजून आणि दोरीची दिशा बघून माणसं खणत जायची. मुळांत दोरी गुंतली की हॉबही आत अडकायचा, हा त्यातला मोठा धोका. आता फेरेटच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर असतो आणि वरून हातातल्या यंत्रावर ते कुठे, किती खोल आहे ते कळतं. दोरीच्या हॉबचं काम या गळपट्ट्यानं घेतलं, पण सल्ला तसाच फिरत राहिला. आमच्या मते आज सुरुवात करणाऱ्यानं दोन जिल घ्याव्यात, शक्यतो एकाच वेतातल्या बहिणी.

जिल घेण्याचं आणखी एक कारण जाळीत आहे. बिळाच्या प्रत्येक तोंडावर पिशवीसारखी आवळणारी जाळी लावतात. जाळीची भोकं साधारण पाच सेंटिमीटरची. जिल त्यातून अलगद ये-जा करते आणि जाळी जागेवर राहते. जाडजूड हॉब जाळी खांद्यावर घेऊनच बाहेर येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्या तोंडातून ससा सुटतो. जाळी लावताना खालची कडी तोंडाच्या तळाशी ठेवायची, वरच्या बाजूला खुंटी पक्की ठोकायची आणि आवळणारी दोरी कुठेही काडीत अडकलेली नाही ना ते बोटानं तपासायचं. दहा तोंडांच्या वसाहतीला पंधरा जाळ्या न्या, कारण पाल्याखाली लपलेली दोन-तीन तोंडं नेहमी उशिरा सापडतात.

पाच-सहा तोंडांच्या छोट्या वसाहतीला एक जिल पुरते. वीस-तीस तोंडं असतील तर दोन ते चार फेरेट लागतात, आणि तिथे एखादा बेताच्या आकाराचा खच्ची केलेला हॉब जिलबरोबर सोडला तर काम चांगलं होतं. खच्ची हॉबला इथे हॉबल म्हणतात. तो भांडत नाही, वासही कमी मारतो आणि वर्षभर जिलबरोबर एका खुराड्यात राहतो. खच्ची न केलेल्या हॉबचं मात्र हिवाळ्याच्या मध्यालाच बिनसतं. दिवस मोठे होऊ लागले की तो माजावर येतो, घाणेरडा वास मारतो, दुसऱ्या हॉबशी भांडतो. बिळात त्याला सशापेक्षा पुढे गेलेल्या जिलच्या वासात जास्त रस. तो तिची मानगूट धरून तिला ओढू लागला की त्या दिवसाची शिकार संपली. म्हणून जानेवारीनंतर असा हॉब आणि जिल एकत्र सोडू नयेत.

जिलची अडचण उन्हाळ्यात येते, आणि ती जिवावर बेतणारी आहे. फेब्रुवारी-मार्चला हंगाम आटोपता घेतात, कारण तोवर बिळांत सशांची पिलं असतात आणि फेरेट त्यांच्यावरच अडकून पडतं. साधारण त्याच सुमारास जिल माजावर येते. तिचं योनिमुख सुजून फुगलेलं सहज दिसतं. मांजराप्रमाणेच तिचं बीजही समागम झाल्याशिवाय सुटत नाही. नर मिळाला नाही तर ती ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत माजावरच राहते. शरीरातलं इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन चढत राहतं, हाडांतला मगज रक्तपेशी बनवणं थांबवतो आणि पंडुरोग होतो. हिरड्या फिक्या पडल्या, शेपटी-पाठीचे केस गळले, मागचे पाय लटपटू लागले, तर बराच उशीर झालेला असतो. हे होईपर्यंत थांबायचंच नाही.

यावर उपाय आहेत. प्राण्यांचा डॉक्टर वसंतात एक हार्मोनचं इंजेक्शन देतो. त्याला इथे ‘जिल जॅब’ म्हणतात आणि बहुतेकींना ते एका हंगामाला पुरतं. कातडीखाली बसवायचं इम्प्लांट त्याहून जास्त काळ टिकतं. गर्भाशय-बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास व्हायची, पण तिचा संबंध पुढे मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराशी लावला जातो, त्यामुळे आता पुष्कळ डॉक्टर इम्प्लांट सुचवतात. चार-पाच जिल असतील तर नसबंदी केलेला हॉब सर्वांत सोयीचा. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे त्याला जिलपासून दूर ठेवावं लागतं. नंतर तो समागम करतो, जिलचा माज उतरतो, पिलं होत नाहीत. ती सुमारे सहा आठवडे खोटी गाभण राहते, घरटंही करते, आणि पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात दोन-तीनदा हे करावं लागतं. पिलं काढायची असतील तर गाभणकाळ 41-42 दिवसांचा आणि वेत बऱ्याचदा सहा-आठ पिलांचं. तेवढ्यांना चांगली घरं आधी शोधून ठेवावीत. पिलं काढणं हा माज उतरवायचा उपाय मानू नये.

निवडताना लिंगाइतकीच इतर लक्षणं बघा. आई-बाप कामाचे होते का, पिलू हातात शांत राहतं का, डोळे-कान स्वच्छ आहेत का. लहान चणीच्या आई-बापांचा हॉब मोठ्या चणीच्या जिलएवढाच भरू शकतो, आणि असा हॉब मिळाला तर जरूर घ्या. पांढरं फेरेट झुडपात चटकन दिसतं, काळसर पोलकॅट रंगाचं हरवतं. कामाच्या बाबतीत रंगानं फरक पडत नाही.

शिकारीच्या दिवशी फेरेटला उपाशी नेण्याची जुनी रीत चुकीची आहे. भुकेलं फेरेट मारून खाण्यासाठीच आत जातं. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखं मांस द्या, सकाळी थोडंसं. गळपट्ट्याखाली करंगळी जाईल इतकी जागा ठेवा आणि बॅटरी घरीच तपासा. वसाहतीकडे वाऱ्याच्या उलट बाजूनं, पाय न आपटता जा. फेरेट सोडल्यावर तोंडाच्या मागे उभे राहा, सावली भोकावर पडू देऊ नका. जाळीत आलेल्या सशाची मान लगेच मोडायची, त्याला तडफडत ठेवायचं नाही.

यंत्रावर फेरेट एकाच जागी दहा-पंधरा मिनिटं थांबलेलं दिसलं तर खणायची तयारी करा. फावडं थेट त्याच्या डोक्यावर चालवू नका. थोडं बाजूनं खणा आणि शेवटची वीतभर माती हातानं काढा. काम झाल्यावर खड्डा बुजवा, नाहीतर मालक पुढच्या वेळी परवानगी देणार नाही. अंधार पडेपर्यंत फेरेट निघालंच नाही तर एक तोंड सोडून बाकीची बंद करा, त्या तोंडाशी गवत घातलेली पेटी उघडी ठेवा आणि उजाडायच्या आत परत या. पुष्कळदा ते पेटीत गुरगुटून झोपलेलं सापडतं.