तांड्यांच्या वाटेवरचे जैसलमेर

जोधपूरहून रात्री निघालेली आमची गाडी पहाटे जैसलमेरला पोहोचली, तेव्हा किल्ला अंधारातच होता. उन्हे वर आली तसे त्रिकूट टेकडीवरचे बुरूज हळदीसारखे उजळले. जवळच्या लोद्रव्याची राजधानी सपाटीवर आणि म्हणून असुरक्षित होती; ती सोडून भाटी राजपुतांचा रावळ जैसल याने 1156 मध्ये या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला.

वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात शहर पोसले ते व्यापाराने. सिंध-मुलतान आणि गुजरात-दिल्ली यांच्या दरम्यान अफू, रेशीम, मसाले घेऊन ये-जा करणारे उंटांचे तांडे येथे थांबत. राजाला जकात मिळे आणि जैन व्यापाऱ्यांना सावकारी. पटवा या जैन व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्यांचे झरोके पाहताना दगड कोरला आहे की विणला आहे, असा प्रश्न पडतो. मला मात्र अधिक विलक्षण वाटला तो त्यांचा काळ. या हवेल्या एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिल्या, आणि त्याच शतकात मुंबई बंदराने व आगगाडीने माल समुद्रमार्गाकडे ओढून नेला. वैभवाचा कळस चढत असताना पायाखालची वाट सरकत होती, आणि ती सरकवणाऱ्यांत माझेच शहर होते, हे मुंबईकर म्हणून थोडे अवघडल्यासारखे झाले. 1947 च्या फाळणीने सिंधकडची उरलीसुरली वाटही बंद केली.

ज्या सीमेने शहर कोंडले, तिनेच पुढे त्याला हात दिला. 1965 आणि 1971 च्या युद्धांमुळे या टोकाचे लष्करी महत्त्व वाढले, रस्ते आणि लोहमार्ग आले आणि त्यांच्यामागून पर्यटक आले. 2013 मध्ये राजस्थानातील इतर पाच किल्ल्यांसह हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. आतमध्ये आजही माणसे राहतात. चार पोल, म्हणजे दरवाजे, ओलांडून वर गेलो, तर एका दारात वाळत घातलेले पापड, शेजारी पर्यटकांसाठी कॉफीची पाटी.

आम्ही किल्ल्याबाहेर उतरलो होतो, ते मुद्दामच. पूर्वी गडीसर तलावातून घागरी भरून वर आणाव्या लागत, त्यामुळे पाणी मोजून वापरले जाई. नळ आले, घरांची अतिथीगृहे झाली, न्हाणीघरे वाढली आणि सांडपाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरू लागले. या पाझराने पाया खचून काही बुरूज ढासळले. आमच्या घरमालकीणबाईंचे माहेर किल्ल्यातले. त्यांच्या आई आंघोळीच्या पाण्याने अंगण सारवीत आणि उरलेले पाणी तुळशीला घालीत, असे त्या सांगत होत्या. त्यांच्या भावाच्या घरी दुपारी चहाला गेलो, तेव्हा मी टेकून बसलो होतो ती भिंत, बाहेर चाळीस अंशांचे ऊन असतानाही, पाठीला ओलसर लागत होती.