मुलांविषयी विद्यापीठात शिकण्यासारखे काय असते?

‘बाल्य आणि युवा अभ्यास’ हा माझा विषय आहे असे सांगितले की, मी शिक्षिका होणार का, हा प्रश्न ठरलेलाच असतो. तसे नाही म्हटले की दुसरा प्रश्न येतो आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो : आपण सगळेच कधीकाळी लहान होतो, पुढे बहुतेक जण मुले वाढवतातही, मग मुलांविषयी विद्यापीठात जाऊन शिकण्यासारखे असते तरी काय? तुम्हीही हेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सगळे लहान होतो, हीच या अभ्यासातली पहिली अडचण आहे. आपल्या वाट्याला आले तेच बालपण, असे आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात मूल कोणाला म्हणायचे याची उत्तरे काळानुसार आणि कायद्यानुसार बदलतात. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानते, तर त्याच संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४ या वयोगटाला युवा म्हणतात. म्हणजे १६ वर्षांची मुलगी एकाच वेळी मूलही असते आणि युवाही. पहिल्या सत्रात मला हा केवळ व्याख्येचा घोळ वाटला होता. पुढे लक्षात आले की एका शब्दामुळे तिला संरक्षण मिळते, दुसऱ्यामुळे निर्णयात वाटा मिळू शकतो, आणि कोणता शब्द केव्हा वापरायचा हे बहुधा तिच्याखेरीज इतर सगळे ठरवत असतात.

या अभ्यासाला बालहक्कांचा आधार मिळतो तो इथे. ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांनी तयार केलेला बालहक्कांचा मसुदा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, जिनिव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. भुकेल्या मुलाला अन्न द्यावे, आजारी मुलाची शुश्रूषा करावी, अशी मोठ्यांची कर्तव्ये त्यात आहेत. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी राहिलेल्या मुलांसाठी जेब यांनी काम केले होते, त्यामुळे त्या शब्दांमागची तळमळ आजही जाणवते. तरीही त्या जाहीरनाम्यातले मूल केवळ घेणारे आहे, ते बोलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९५९ च्या बालहक्क जाहीरनाम्यातही हे फारसे बदलले नाही. २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झालेल्या बालहक्क संहितेने मात्र १२ व्या कलमात असे म्हटले की, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व परिपक्वता लक्षात घेऊन योग्य महत्त्व दिले पाहिजे. ५४ कलमांपैकी माझी सर्वाधिक रात्रीची जागरणे या एका कलमापायी झाली आहेत, कारण परिपक्वता मोजायची कोणी, हे त्यात सांगितलेले नाही. मुलाचे म्हणणे आपल्याशी जुळले की ते समंजस ठरते आणि जुळले नाही की अजून लहान आहे म्हणतात, हे मी न्यायालयीन निकाल वाचतानाही पाहिले आणि घराघरांतही.

संहितेचा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडने मांडला होता. त्याच पोलंडमध्ये, वॉर्सा शहरात, डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी कितीतरी आधी आपल्या अनाथालयात मुलांचे न्यायालय चालवले होते. न्यायाधीश मुलेच असत आणि स्वतः कोर्चाक यांनाही त्यापुढे उभे राहावे लागले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आणि त्या मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेऊन ठार मारले. हे वर्गात शिकवले गेले त्या दिवशी तासानंतर बराच वेळ कोणी उठले नव्हते.

मात्र या विषयाने मला खरे शिकवले ते माझ्या प्रबंधाच्या वेळी. आईवडील विभक्त झाल्यानंतर कुठे राहायचे हे ठरताना मुलांना कोणी विचारले का, असा माझा प्रश्न होता. एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने संमतिपत्रावर सही केली, त्यानेही मान हलवली आणि मी मुलाखत सुरू केली. दहा मिनिटांनी तो प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणू लागला, कागदाच्या कडा रंगवत बसला. मी मात्र प्रश्न संपेपर्यंत विचारत राहिले. मार्गदर्शक बाईंनी ते टिपण वाचून एवढेच विचारले, ‘त्याने “नाही” कुठे म्हटले ते दाखव.’ मी पाहिले, तर त्याने ते सात वेळा म्हटले होते. मुलांचे ऐकले जावे यासाठी प्रबंध लिहिणाऱ्या मला ते एकदाही ऐकू आले नव्हते. ती मुलाखत मी प्रबंधातून काढून टाकली. पालकाची संमती आणि मुलाचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि होकार एकदा मिळाला म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो असे नाही, हे नियम मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

त्यानंतर प्रत्येक मुलासमोर मी एक लाल कार्ड ठेवू लागले. ते उचलले की बोलणे तिथेच थांबेल, कारण विचारले जाणार नाही, असे आधी सांगत असे. एका मुलीने पहिल्याच प्रश्नाला कार्ड उचलले. मी वही मिटली आणि गप्प बसले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने कार्ड पालथे ठेवले आणि म्हणाली, ‘आता विचार, ताई.’