कंसातला मामा

गेल्या आठवड्यात एका दुपारी भाची कागदांची चळत घेऊन आली. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध, विषय ठाण्याचे तलाव. पहिल्याच ओळीला गाइड मॅडमनी लाल गोल मारला होता. ओळ अशी: 'ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते, असे म्हणतात.' समासात एकच शब्द, 'कोण?'

कोण म्हणजे काय! सगळेच म्हणतात. सर्वज्ञात गोष्टीला संदर्भ लागत नाही म्हणे, त्यामुळे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली आगगाडी बिनबोभाट सुटली. तलाव मात्र अडले. 'मला वाटतं' जागोजागी खोडलेलं, तिथे आता 'संशोधकाच्या निदर्शनास आले'. संशोधक सोफ्यावर मांडी घालून चिवड्यातले दाणे वेचत होती.

मला आजी आठवली. नौपाड्यातल्या चाळीत ती संदर्भाशिवाय कुटाळकीसुद्धा करत नसे. "मी नाही हो म्हणत, खालच्या काकू म्हणाल्या, परवा, नळावर." लेखक, तारीख, स्थळ! त्याच काकूंचं पुढचं काही आलं की नुसतं "त्याच हो". जाडजूड ग्रंथांच्या तळटिपांत 'तत्रैव' दिसतं ना, ते हेच. फरक इतकाच, की आजी ते हात उडवून म्हणायची.

तीच सांगायची, आपल्या चाळीमागे तळं होतं, भराव घालून बुजवलं, म्हणून पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरतं. हे ऐकताच भाची ताठ बसली. "कुठे लिहिलंय?" कुठेच नाही. म्हटलं, मराठी ग्रंथ संग्रहालयात बघ, १८९३ सालचं आहे, असेल काही. दोन दिवस तिथे बसून काल रिकाम्या हाताने परतली. शेवटी तिने मलाच नोंदवलं: आडनाव, 'व्यक्तिगत संवाद', तारीख.

"मग मागच्या संदर्भसूचीत माझं नाव येणार?"

"नाही रे मामा. वाचणाऱ्याला जे शोधून बघता येत नाही, ते सूचीत घालत नाहीत. तू फक्त कंसात."

बरं. मामा आणि कंस, नातं जुनंच आहे.

आजीला मात्र कंसातही जागा नव्हती. ते तळं तिने स्वतः पाहिलं होतं, की तेही खालच्या काकूंनीच नळावर सांगितलेलं, हे मी तिला कधी विचारलंच नाही.